खालून आलेलं ऊन

१

अजून उजाडायचं होतं तेव्हा रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. त्याच्या घरघरीत झोपायची सवय झालेला भाऊ घरघर थांबली म्हणून जागा झाला. अंधारात त्याने बहिणीचा हात चाचपला. तिने त्याचं मनगट असं आवळलं की त्याला हात सोडवून दिवा शोधता येईना. सिस्टर धावत आल्या, कोणीतरी सिलिंडर आणायला खाली पळालं, सिलिंडर जिन्याच्या वळणावर अडकला, आणि तो वर येईतो मनगटावरची पकड सुटली होती.

सकाळी सगळ्यांना कारण कळलं. त्या गावात रात्रीची लाइन जायची ती जायचीच. ती गेली की मशीन बॅटऱ्यांवर चालायचं, आणि बॅटऱ्या भरायच्या छतावरच्या सौर पॅनेलांवर. कोणीतरी शिडीने वर जाऊन पाहिलं, तर आठांपैकी कडेची दोन पॅनेलं जमिनीसारखी आडवी पडलेली. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, म्हणून पॅनेलं उभट करून ठेवायची असतात, आणि ते काम वायरमनचं. त्याने सहा उभी केली आणि दोन करायचा कंटाळा केला, इतका सरळ हिशेब होता.

वायरमन नळावर तोंड धूत होता. लोकांनी त्याला तिथेच गाठला. पोलिसांनी सोडवून नेला तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याचं काही खरं उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी विद्युत निरीक्षकबाई गावात उतरल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या, आणि खात्यात 'फार विचारतात' म्हणून प्रसिद्ध. निघण्याआधी साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "गावाला सगळं माहीत आहे. पोलिसांनी माणूस धरलाय. तुम्ही फक्त छतावर जाऊन या आणि सही करा. फार खोलात जाऊ नका."

बाई 'बरं' म्हणाल्या होत्या. नोकरीत त्यांनी हा शब्द इतक्या वेळा वापरला होता की त्याचा अर्थ साहेबांनाही कळेनासा झाला होता.

२

रुग्णालयाच्या दोन इमारती होत्या. पश्चिमेला बसकी, एकमजली, तिच्या छतावर पॅनेलं. तिला खेटून पूर्वेला दुसरी, दुमजली. ताईंचा वॉर्ड या दुसऱ्या इमारतीत वरच्या मजल्यावर. भाऊच नाही, सगळं रुग्णालय त्या गेलेल्या बहिणीला ताईच म्हणे.

डॉक्टर शिडी धरून उभे राहिले आणि बाई कण्हत कण्हत छतावर चढल्या. पाठोपाठ डॉक्टरही आले. तरुण वयात म्हातारे झालेले गृहस्थ. शर्टाची बटणं वर-खाली लागली होती.

आठही पॅनेलं एका रांगेत, दक्षिणेकडे तोंड करून. मधेच, पॅनेलांच्या जरा पुढे, पाण्याची मोठी काळी टाकी. टाकीच्या पश्चिमेला सहा पॅनेलं, डोंगराच्या उतारासारखी उभट. टाकीच्या पूर्वेला दोन, तीच आडवी.

"दोनच तर आहेत," डॉक्टर म्हणाले. "सहा धड असताना बॅटरी का भरू नये, हे मला अजून समजलेलं नाही."

"आठही एकाच तारेत ओवलीत ना, म्हणून. एकामागून एक चालणाऱ्या माणसांची रांग समजा. पायवाट अरुंद. मधला एक लंगडायला लागला की मागचे-पुढचे सगळे त्याच्याच चालीने चालतात." बाईंनी तळहात आकाशाकडे धरला. "आणि हा लंगडणारा भलताच लंगडत होता. ऊन समोरून आलं तर सगळं पदरात पडतं. तेच तिरकं आलं तर तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं, पातळ होतं. या दिवसांत भर दुपारीही सूर्य आभाळात जेमतेम अर्ध्यावर चढतो. उभं पॅनेल त्याच्याकडे तोंड करून असतं, आडवं पॅनेल त्याला कुशीवर घेतं. तिसरा हिस्सा तरी गेला, तोही आठहीजणांचा."

"म्हणजे वायरमननेच..."

बाई आडव्या पॅनेलपाशी मांडी घालून बसल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून काच न्याहाळू लागल्या. मग उठून एका उभ्या पॅनेलची काच पाहिली. मग परत आल्या.

हिवाळ्यात पहाटे काचेवर दव पडतं. उभ्या पॅनेलवरून ते ओघळतं आणि धूळ खाली वाहून नेतं. सहाही पॅनेलांच्या खालच्या कडेला अशा वाळलेल्या मातीची जाड रेघ बसली होती, आणि काचेवरून तिच्याकडे उतरणारे ओघळ दिसत होते. आडव्या दोघांवर नुसता धुळीचा सारखा थर होता. बाईंनी बोटाने तो पुसला. थराखाली तेच ओघळ होते, आणि खालच्या कडेला तीच जाड रेघ.

"डॉक्टर, आडव्या काचेवर पाणी कुठल्या दिशेला ओघळेल?"

"कुठल्याच नाही."

"मग ही दोनही इतरांसारखीच उभी होती. बरेच दिवस होती. वायरमन काही विसरला नव्हता." बाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "यांना कोणीतरी अगदी अलीकडे मुद्दाम आडवं केलंय."

३

ही गोष्ट बाईंनी उत्साहाने ठाण्यात जाऊन सांगितली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली एक मोठी चूक ठरली.

ठाण्याचे अंमलदार शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे निष्काळजीपणा नाही, मुद्दाम केलेलं काम आहे. बरं झालं सांगितलंत. कलम बदलावं लागेल."

"अहो, पण त्याने केलं असं मी कुठे म्हणतेय?"

"पॅनेलांना हात लावायचा अधिकार कोणाला? त्याला. अवजारं कोणाकडे? त्याच्याकडे. तुम्ही त्याच्या गळ्यातला दोर काढायला आलात मॅडम, आणि गाठ आवळून ठेवलीत."

वायरमन आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यावर बोळा, त्यावर पट्टी. बाईंना पाहून उठायला लागला; त्यांनी हातानेच बस म्हटलं.

"तू पॅनेलं उभी केली होतीस?"

"केली होती वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"परवापर्यंत छातीवर हात ठेवून सांगत होतो, आठही केली म्हणून. पण एवढी माणसं म्हणतात नाही केली. बायको म्हणते, तुम्ही हल्ली विसरता. काल रात्रभर आठवत बसलो तर सहाच आठवली. सातव्याला हात लावल्याचं काही केल्या आठवेना." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "मी लिहून दिलंय, मॅडम. विसरलो असं. सही केली."

"तू विसरला नव्हतास. मी डोळ्यांनी पाहून आलेय."

त्याने चांगला डोळा वर केला. बाईंना वाटलं, आता याला बरं वाटेल. पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलंच नाही.

"मग डोळा कशापायी गेला माझा?" त्याने विचारलं.

उठता उठता बाईंनी एवढंच विचारलं, "पॅनेलचे पाय दुमडून बांधायचे तर तू कशाने बांधशील?"

"तारेनं. आम्ही सगळं तारेनंच बांधतो."

बाई दारातच थांबल्या. आडव्या पॅनेलांचे दुमडलेले पाय तारेने बांधलेले नव्हते. ते सुती दोरीने बांधले होते, आणि काच खरचटू नये म्हणून खाली चिंधीची घडी ठेवलेली होती.

४

रुग्णालयाचं वाईट चिंतणारा माणूस काच जपत नाही. बाई रात्रभर ह्याच एका विचारावर अडल्या होत्या. सकाळी त्या डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या.

"बॅटऱ्या जुन्या होत्या, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मलाच काय, वर सगळ्यांना ठाऊक होतं. मागून मागून तोंडाला फेस आला."

"तुम्ही म्हणाला होतात म्हणे, की एखादा जीव गेल्याशिवाय नव्या बॅटऱ्या यायच्या नाहीत."

शर्टाचं बटण चाचपणारा डॉक्टरांचा हात थांबला. "सिस्टरनी सांगितलं?"

"कोणी का सांगेना. म्हणालात की नाही?"

"म्हणालो. चिडून म्हणालो. आणि जीव गेला. मॅडम, मी पॅनेलं पाडली असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा. माझा काही आग्रह नाही. पण मला दोरीची गाठ मारता येत नाही. टाका घालताना माझा हात बघा, सिस्टर हसतात. आणि नव्या बॅटऱ्या अजूनही आलेल्या नाहीत. वरून विचारणा आली, की आता त्या खाटेवर पेशंट नाही तर गरज काय?"

बाईंनी ते खरं मानलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःची इतकी शोभा करून घेत नाही.

सिस्टर वॉर्डात चादरी बदलत होत्या. धिप्पाड, मोकळ्या आवाजाच्या. पण बाई समोर येताच त्यांचा आवाज निम्मा झाला.

"ताई कशा होत्या शेवटी शेवटी?"

"दगड फोडायच्या कारखान्यात जन्म काढलेला. फुप्फुसांत सगळी भुकटी. बऱ्या होणार नव्हत्याच, पण पाच-सहा महिने सहज काढले असते. आडवं झोपता यायचं नाही, आडवं झालं की घुसमट. रात्रंदिवस उशांना टेकून बसलेल्या. खिडकीचा पडदा ओढला तरी श्वास कोंडायचा. 'उघडा, उघडा' म्हणून हात हलवायच्या."

"त्रास वाढला होता का?"

"उलट. शेवटचे काही दिवस दुपारी छान झोपायच्या. त्याआधी फार..." सिस्टरनी वाक्य तोंडातल्या तोंडात गिळलं आणि उशीचा अभ्रा उगीचच झटकायला घेतला.

"त्याआधी फार काय?"

"काही नाही. तळमळायच्या. आजारी माणूस तळमळतंच."

"दुपारीच का तळमळायच्या?"

"मला कामं आहेत, मॅडम," सिस्टर म्हणाल्या, आणि स्वच्छ चादर मळक्या कपड्यांत टाकून निघून गेल्या.

५

भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गावातल्या निम्म्या भिंतींवर त्याचं अक्षर होतं. गाव त्याला पेंटर म्हणूनच ओळखत असे. बाई गेल्या तेव्हा तो एका खोलीच्या घरात बहिणीचं सामान बांधत होता. दोन साड्या, शाल, गादी, एक पितळी डबा.

"वायरमनला सोडणार असं ऐकलं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "सोडू नका. माझं दुसरं काही मागणं नाही."

"त्याने केलं याची तुम्हाला खात्री आहे?"

"मग कोणी केलं? आई गेली तेव्हा मी रांगत होतो. ताईने लग्न नाही केलं. मला शाळेत सोडायची आणि दगडावर जायची. संध्याकाळी आली की डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. फक्त डोळे काळे. मी हसायचो तिला, भूत आलं म्हणून." त्याने गादीची गुंडाळी गुडघ्याने दाबली. "मला ती भुकटी लागू दिली नाही. रंगाचा ब्रश हातात दिला. अशा माणसाला एका आळशी माणसापायी गुदमरून मरावं लागलं. मी शेजारी होतो, बाई. हात धरून होतो, आणि काही करू शकलो नाही."

बाईंनी नजर खाली वळवली, आणि ती त्याच्या हातांवर गेली. गादीभोवती त्याने सुती दोरी फिरवली होती. दोरीचा फास करून टोक त्यातून दोनदा काढलं, उलटं वळवून पुन्हा खाली खोचलं आणि एक हिसका दिला. गाठ चपटी, रुंद, दोरीवर बसलेल्या बेडकासारखी.

"ही कसली गाठ?"

"ही? पाळण्याची. उंच भिंत रंगवायची तर आम्ही वरून फळी सोडतो आणि तिच्यावर बसतो. तिची गाठ. वाऱ्याने हलत नाही, वजनाने सुटत नाही." तो कौतुकाने नाही, सवयीने बोलत होता. "सगळ्यांना नाही येत."

बाईंनी पाणी मागितलं. छतावर पॅनेलच्या पायांना त्यांनी कालच तशाच दोन गाठी पाहिल्या होत्या.

६

कोणी केलं ते कळलं होतं. का केलं ते कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय बाई तोंड उघडणार नव्हत्या. एकदा उघडून त्यांनी काय मिळवलं ते ठाण्यात पाहिलंच होतं.

जेवणानंतर त्या ताईंच्या रिकाम्या खाटेपाशी गेल्या. खाट पश्चिमेच्या खिडकीला चिकटून होती. पश्चिमेची खिडकी म्हणजे दुपारभर तोंडावर ऊन यायला हवं. पण सोबत आलेले डॉक्टर म्हणाले, तसं नाही.

"ही खाट मुद्दाम त्यांना दिली होती. खिडकीच्या डाव्या अंगाला जिन्याची भिंत पुढे आलीय ना, ती दक्षिणेकडचं सगळं ऊन अडवते. हिवाळ्यात सूर्य मावळतोही तिकडेच, नैऋत्येला. हिवाळाभर या खाटेवर सूर्याचा एक किरण पडत नाही."

"सूर्याचा पडत नसेल," बाई पुटपुटल्या.

खिडकीतून खाली बसक्या इमारतीचं छत दिसत होतं. काळी टाकी, टाकीच्या अलीकडची दोन आडवी पॅनेलं. पलीकडची सहा टाकीआड झाकलेली. बाई किती तरी वेळ त्या दोघांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डॉक्टरांना विनंती केली, की खाली जाऊन त्या दोन्ही पॅनेलांच्या दोऱ्या सोडा आणि इतरांसारखी उभी करा. स्वतः त्या खाटेवर चढल्या, उशांना टेकून बसल्या, आणि वाट बघू लागल्या. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

सूर्य नैऋत्येला कलला. जिन्याच्या भिंतीची सावली खाटेवर होती, ती तशीच राहिली. चहाची भांडी वाजायला लागली तेव्हा छतावरच्या एका काचेच्या कोपऱ्यात ठिणगी पडल्यासारखं झालं. ठिणगी पसरली. आणि खालून वर, खिडकीच्या उंबऱ्यावरून, पांढऱ्या पात्यासारखं ऊन बाईंच्या डोळ्यांत घुसलं. त्यांनी मान फिरवली, तर ते गालावर आलं. खाली सरकल्या असत्या तर चुकवता आलं असतं. पण ताईंना खाली सरकता येत नव्हतं. पडदा ओढला असता. पण पडदा ताईंना चालत नव्हता. ऊन एका काचेवरून दुसऱ्या काचेवर गेलं आणि सूर्य डोंगराला टेकेपर्यंत हललं नाही.

डॉक्टर धापा टाकत वर आले. "पॅनेलं दक्षिणेला तोंड करून आहेत. खिडकी त्यांच्या पूर्वेला. इकडे उजेड येतोच कसा?"

बाईंनी पर्समधला छोटा आरसा काढून, नैऋत्येच्या कोपऱ्यात लागलेल्या दिव्यासमोर, गुडघ्यावर कलता धरला. "काच समोर बघते म्हणून उजेड समोर जात नाही. जेवढा एका बाजूने कलून आला तेवढाच दुसऱ्या बाजूला कलून जातो. सूर्य पश्चिमेकडून कमी उंचीवरून आला, काच उभट, म्हणून उजेड पूर्वेला आणि वर फेकला गेला. सरळ या खिडकीत. उरलेल्या सहांचा उजेडही इकडेच येतो, पण टाकी तो अडवते." त्यांनी आरसा आडवा केला. कवडसा घसरला, ईशान्येच्या भिंतीवर गेला, आधीच्या जागेपासून कितीतरी लांब. "आणि काच आडवी केली की असा निघून जातो. आठातली दोनच का, आणि तीही आडवीच का, याचं उत्तर एवढंच. बॅटरीचा विचार ते करणाऱ्याच्या मनात आलाच नव्हता. त्याला फक्त इथे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरचं ऊन काढायचं होतं."

दारातून सिस्टरचा आवाज आला.

"ते मला म्हणाले होते. ताईच्या डोळ्यांत ऊन जातंय, काहीतरी करा. मी म्हटलं वायरमनला सांगा. वायरमन रजेवर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी दोन वॉर्ड एकटी बघत होते, मॅडम. मी म्हटलं, तुम्हीच बघा काय ते, तुम्हाला शिड्यांची सवय आहे." त्यांनी चौकट धरली. "मी विसरलेही होते. पॅनेलं आडवी सापडली म्हणाले ना, तेव्हा आठवलं. मग वायरमनला मारत होते ते मी या खिडकीतून पाहिलं, आणि खाली गेले नाही."

"त्यांना हे कळलंय? भावाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्या कानावर एवढंच गेलं, की वायरमनच्या आळसाने बॅटऱ्या भरल्या नाहीत. त्यांना वाटतं, त्यांनी दोन काचा जरा बाजूला केल्या, आणि वायरमनने भलतंच काहीतरी केलं."

७

बाई त्या संध्याकाळी खूप चालल्या. गुडघे बोलत होते, पण बसवेना. नाव सांगितलं तर बहिणीला पुरून आलेल्या माणसाच्या हातात तिचं मरण द्यायचं. नाही सांगितलं तर एका डोळ्याचा निरपराध माणूस खुनाच्या आरोपात कुजायचा. यात तिसरी वाट कुठे दिसते का म्हणून त्यांनी सगळं पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेंटरच्या दारात उभ्या राहिल्या. तो पाटी घासत होता. त्यांनी ठाण्याला आधी कळवलं नव्हतं. एवढं त्या करू शकत होत्या, ते त्यांनी केलं.

"छतावरची दोन पॅनेलं तुम्ही आडवी केलीत," त्या म्हणाल्या.

"हो," त्याने लगेच सांगितलं. "ताईच्या डोळ्यांत ऊन यायचं. डोळ्यांतून पाणी गळायचं तिच्या, पुसायला हात उचलायची ताकद नव्हती. मोडतोड काही केली नाही. काच खाली टेकली तेव्हा चिंधी घातली. काम झालं की नीट करणार होतो. का? त्याचा दंड भरायचा का काही?"

बाईंना वाटलं, इथेच थांबावं. मग त्या त्याच्याजवळ ओट्यावर बसल्या आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. कलतं ऊन, पातळ झालेलं ऊन, एका तारेत ओवलेली आठ पॅनेलं, रोज थोडी थोडी उपाशी राहिलेली बॅटरी. घाई केली नाही. तो मन लावून ऐकत होता, एखाद्या नव्या कामाची माहिती घ्यावी तसा. मध्येच एकदा त्याने विचारलं, "तिसरा हिस्सा?" आणि बाई म्हणाल्या, "साधारण तेवढाच."

पाटीवरून घासकागद दोनदा फिरवून त्याने तो खाली ठेवला.

"ती झोपायला लागली होती," तो म्हणाला. "मी वर आलो तर म्हणाली, बरं झालं रे. एवढंच बोलली. तिला बोलता यायचं नाही फारसं." मग म्हणाला, "वायरमनला मारायला मी पण गेलो होतो."

"मला माहीत नव्हतं."

"डोळ्यावरचा माझा होता."

त्याने पाटी भिंतीला उभी करून ठेवली, हात धुतले, दाराला कडी घातली. बाई काही म्हणायच्या आत तो रस्त्याला लागला होता. त्या त्याच्या मागोमाग ठाण्यात पोहोचल्या.

अंमलदारांनी बाईंचं म्हणणं दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज मवाळ झाला. वायरमनला सोडायचं ठरलं. पण नोकरीचं काय ते खातं बघेल, छताच्या शिडीला कुलूप नव्हतं ही चूक शेवटी त्याचीच होती. वायरमन बाहेर आला. पेंटर बाकावर बसला होता. पेंटर उठून उभा राहिला, त्याचे हात छातीपर्यंत आले आणि तिथेच राहिले. वायरमनने मान जरा वळवली, चांगल्या डोळ्याने त्याला पुरतं पाहिलं आणि बाहेर गेला. फाटकाशी त्याची बायको उभी होती. ती त्याला म्हणाली, "चला," आणि तो तिच्या मागून चालू लागला. पायरी कुठे संपते ते पावलाने चाचपत.

मग हवालदाराने पेंटरला टेबलापाशी बोलावलं. नाव विचारलं, धंदा विचारला, राहण्याचा पत्ता विचारला. सगळ्याची त्याने सरळ उत्तरं दिली.

"तुम्हाला इथे ठेवून घ्यावं लागेल," हवालदार म्हणाला. "घरी कळवायचं तर कोणाला कळवू?"

पेंटरने ताईचं नाव सांगितलं.

हवालदार परगावचा, नव्यानेच बदलून आलेला होता. त्याने ते नाव शांतपणे लिहून घेतलं. नातं विचारलं. पेंटर म्हणाला, "थोरली बहीण."

बाई शेजारीच उभ्या होत्या.

"घरी असतील ना त्या आत्ता?" हवालदाराने विचारलं.

"नाही," पेंटर म्हणाला. "कामावर असेल. संध्याकाळी येते."